धुराचा हिशेब आणि भाजकाचा प्रश्न

(रत्नागिरी येथे दिलेल्या एका व्याख्यानाचा मजकूर)



दापोली तालुक्यातील मुर्डी गावचा एक तरुण १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आला आणि रँग्लर परांजपे हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. ज्या जिल्ह्याने असा गणिती दिला, त्या जिल्ह्यात एका साध्या भागाकाराविषयी बोलण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. हा भागाकार धुराचा आहे. जगातील कारखाने, वीजकेंद्रे आणि वाहने वातावरणात जे हरितगृह वायू सोडतात, त्यांची देशवार तुलना दरवर्षी प्रसिद्ध होते. त्या तुलनेवरून कोणता देश दोषी, कोणी किती कपात करावी, कोणाच्या मालावर कर बसवावा, याचे निर्णय होऊ लागले आहेत. त्यामुळे हा विषय आता केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. जिल्ह्यातील मच्छीमार, आंबा बागायतदार आणि कारखान्यातील कामगार या सर्वांचा तो विषय झाला आहे.

भागाकारात भाज्य आणि भाजक असे दोन घटक असतात. धुराच्या हिशेबातील भाज्याविषयी आज मोठा वाद उरलेला नाही. कोळसा, तेल आणि वायू किती जळला याची नोंद असते आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बऱ्याच अचूकपणे काढता येते. वाद आहे तो भाजकाविषयी. या धुराला देशांच्या संख्येने भागावयाचे, की माणसांच्या? उत्पादित मालाच्या वजनाने, की तो माल वापरणाऱ्यांच्या संख्येने? प्रत्येक भाजकाबरोबर आरोपी बदलतो. म्हणून भाजकाची निवड हा मूलतः राजकीय प्रश्न आहे आणि तो तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसता येणार नाही.

हिंदुस्थानला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी व्यापाराचे वाढते आकडे दाखवून देशाची भरभराट होत असल्याचे सांगत असत. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात देशाच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागले आणि माणशी वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये निघते हे जगापुढे मांडले. एकूण आकड्याने जे झाकले होते, ते दरडोई आकड्याने उघडे पडले. पुढील शतकात याच पद्धतीची पुन्हा गरज पडली. १९९० साली वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने आपल्या अहवालात हरितगृह वायू सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत चीन, ब्राझील आणि भारत यांना बसविले. १९९१ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या वतीने अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी त्यास सडेतोड उत्तर दिले. पृथ्वीचे वातावरण आणि महासागर जो वायू पचवू शकतात, त्या पचनशक्तीवर प्रत्येक मनुष्याचा समान हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. भातखाचरातून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा धूर एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. १९९२ साली रिओ येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले, त्यामागे गरीब देशांनी धरलेला हा आग्रह होता.

भातखाचरांचा हा वाद कोकणच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने परदेशी शेतांवरील मोजमापे भारताला लावून भारतीय भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन निघतो, असा अंदाज केला होता. डॉ. ए. पी. मित्र यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी १९९१ साली देशातील शेतांवर प्रत्यक्ष मोजमाप केले. तेव्हा हा आकडा सुमारे ४० लाख टन निघाला. अंदाज जवळजवळ नऊ ते दहा पटींनी फुगलेला होता. हे मोजमाप झाले नसते, तर चिखलात रोप लावणारी कोकणातील शेतकरीण जगाच्या तापमानवाढीची एक प्रमुख गुन्हेगार ठरली असती. दुसऱ्याच्या मोजपट्टीवर विसंबणे किती महाग पडू शकते, याचा हा धडा आहे.

आता आजची स्थिती पाहू. २०२३ साली जगात खनिज इंधने आणि सिमेंट यांमुळे सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात गेला. त्यात चीनचा वाटा सुमारे १,२०० कोटी टन, अमेरिकेचा ५०० कोटी टनांच्या आसपास आणि भारताचा ३०० कोटी टनांच्या आसपास होता. देश हा भाजक धरला, तर चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि भारत तिसरा. माणूस हा भाजक धरला की चित्र पालटते. अमेरिकेत माणशी १४ टनांहून अधिक, चीनमध्ये ८ टनांहून अधिक, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, आणि भारतात मात्र सुमारे २ टन. इतिहास हिशेबात घेतला तर अंतर आणखी वाढते. कार्बन डायऑक्साइड वातावरणात शतकानुशतके टिकतो. मँचेस्टरच्या गिरण्यांनी आणि पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांनी सोडलेल्या वायूचा मोठा अंश आजही वातावरणात आहे. १८५० पासून खनिज इंधनांतून सोडलेल्या एकंदर वायूपैकी सुमारे एक-चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. जगातील सुमारे १७ टक्के लोकसंख्या असलेल्या भारताचा वाटा ३ ते ४ टक्के आहे.

येथे पाश्चात्त्य देशांतून एक युक्तिवाद पुढे केला जातो. झाले ते झाले, आता प्रत्येक टन मालामागे कोण किती धूर सोडतो ते पाहू, असे म्हटले जाते. वरवर पाहता हा भाजक निःपक्षपाती वाटतो. पोलादाचेच उदाहरण घ्यावे. एक टन पोलादामागे जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतात सुमारे अडीच टन. यावरून भारतीय कारखाने मागासलेले आहेत असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो काही अंशी खराही आहे. निकृष्ट कोळसा आणि जुन्या भट्ट्या हे त्याचे एक कारण आहेच. तथापि अमेरिकेत सुमारे ७० टक्के पोलाद विजेच्या भट्टीत, मुख्यतः भंगार वितळवून तयार होते, हे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. भंगार वितळविण्यास धातुक गाळण्यापेक्षा फार कमी धूर लागतो. परंतु हे भंगार आले कोठून? शंभर वर्षे पूल, रेल्वे, इमारती आणि मोटारी बांधल्या, तेव्हा त्या देशात मोडीत काढण्याजोगे लोखंड साचले. ते लोखंड मूळ गाळताना झोतभट्ट्यांतून निघालेला धूर इतिहासाच्या खात्यावर आहे आणि इतिहास तर हिशेबातून वगळण्यात आला आहे. ज्या देशाचे अर्धे पूल अजून बांधावयाचे आहेत, त्याच्यापाशी भंगार कोठून येणार? उलट, सिमेंटच्या बाबतीत टनामागे निघणाऱ्या वायूचे भारतातील प्रमाण जगाच्या सरासरीहून कमी आहे. कारण येथील भट्ट्या तुलनेने नव्या आहेत आणि वीजकेंद्रांतील राख व झोतभट्ट्यांतील मळी सिमेंटमध्ये मिसळण्याची पद्धत रुळली आहे. हा आकडा मात्र आंतरराष्ट्रीय चर्चेत क्वचितच ऐकू येतो.

‘औद्योगिक’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. २०१९ साली जगातील एकंदर हरितगृह वायूंपैकी सुमारे २४ टक्के थेट उद्योगांतून निघाले, असे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाचा अहवाल सांगतो. परंतु उद्योगांनी वापरलेल्या विजेचा आणि उष्णतेचा धूर त्यांच्याच नावावर टाकला, की तोच आकडा ३४ टक्के होतो. म्हणजे कारखाना आपली भट्टी विजेवर चालवू लागला आणि ती वीज दुसऱ्या जिल्ह्यात कोळसा जाळून तयार झाली, तर कारखान्याची वही स्वच्छ होते आणि वीजकेंद्राची वही काळी होते.

देशांच्या बाबतीतही हेच घडत आहे. वेल्समधील पोर्ट टॅल्बट येथील टाटांच्या पोलाद कारखान्यातील शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. त्याच दिवशी ब्रिटनमधील शेवटचे कोळशावरील वीजकेंद्रही बंद झाले. ब्रिटनच्या हवामान धोरणाचे यश म्हणून या घटनांची नोंद झाली. त्याच महिन्यात त्याच उद्योगसमूहाने ओडिशातील कलिंगनगर येथे भारतातील सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू केली. एकीच्या जागी दुसरी आणली, असे म्हणणे अर्थातच अतिसुलभ ठरेल. कलिंगनगरचे पोलाद प्रामुख्याने भारतालाच हवे आहे. परंतु पोर्ट टॅल्बटच्या गिरणीला लागणारा पोलादाचा कच्चा माल या संक्रमणकाळात नेदरलँड्स आणि भारत येथून येणार, हे कंपनीनेच जाहीर केले होते. त्या मालाचा धूर भारताच्या खात्यावर पडतो आणि त्याचे पोलाद ब्रिटनमध्ये वापरले जाते. वेल्समध्ये दोन हजारांच्या आसपास कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कलिंगनगरला २००६ च्या जानेवारीत कारखान्यासाठी जमीन देण्यास विरोध करणाऱ्या डझनभर आदिवासींनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण गमावले होते. हिशेबाच्या वहीत या दोन्ही गोष्टींना रकाना नाही. वेल्सचा बेकार कामगार आणि ओडिशाचा विस्थापित आदिवासी यांचे हितसंबंध परस्परविरोधी नाहीत, हे समाजवादी चळवळीने दोन्हीकडे पुनःपुन्हा सांगण्याची गरज आहे.

आता युरोपीय संघाने आपल्या सीमेवर कार्बन कर आणला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी माहिती गोळा करणे सुरू झाले आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीची व्यवस्था लागू झाली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांवर तो आहे. येथे भाजक आहे मालाचा टन. माणूस नाही, इतिहास नाही, मूळ देशाची ऐपत नाही. रिओला मान्य झालेले भिन्न जबाबदारीचे तत्त्व जकातनाक्यावर गुंडाळून ठेवले गेले. या कराचे उत्पन्न ज्या देशातून माल आला तेथील उद्योग सुधारण्यासाठी परत देण्याचे बंधन युरोपने स्वतःवर घालून घेतले असते, तर त्यास न्यायाचे काही अधिष्ठान लाभले असते. तसे बंधन नाही.

येथपर्यंतचे विवेचन देशातील कोणत्याही पक्षाला आणि कोणत्याही उद्योगपतीला मान्य होण्यासारखे आहे. परदेशांकडे बोट दाखविण्यात सर्वांचेच एकमत होते. खरी कसोटी यापुढे आहे. दरडोई समानतेचे तत्त्व देशादेशांमध्ये योग्य असेल, तर ते देशाच्या सीमेपाशी येऊन थांबते कसे? भारताची माणशी सरासरी दोन टन आहे, कारण कोट्यवधी लोक अत्यल्प वीज वापरतात, एस.टी.ने किंवा पायी प्रवास करतात आणि वर्षातून दोन कपडे घेतात. त्यांच्या अभावामुळे जी जागा वातावरणात रिकामी राहते, ती वातानुकूलित बंगल्यांत आणि विमानांत वावरणारा मूठभर वर्ग वापरतो. २००७ साली ग्रीनपीस इंडियाने गरिबांच्या आड लपणारा भारत अशा आशयाचा अहवाल प्रसिद्ध केला. देशातील सर्वाधिक उत्पन्नाच्या गटाचे माणशी उत्सर्जन सर्वांत गरीब गटाच्या चौपटीहून अधिक असल्याचे त्यात दाखविले होते. जागतिक परिषदेत गरिबाच्या नावाने वाटा मागावयाचा आणि देशात परतल्यावर तो वाटा धनिकांच्या पदरात टाकावयाचा, हा व्यवहार दादाभाईंच्या भागाकाराचा उपमर्द करणारा आहे.

रत्नागिरी जिल्ह्याला हे दूरचे वाटू नये. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड येथे १,२०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. ३०० मेगावॅटचे त्याचे चार संच २०१० आणि २०११ या काळात सुरू झाले आणि त्याची आखणी समुद्रमार्गे येणाऱ्या कोळशासाठी झाली. कोळशाच्या विजेमागे युनिटला साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. या आकाराचे केंद्र वर्षभर दोन-तृतीयांश क्षमतेने चालले असे धरले, तर सुमारे ७०० कोटी युनिट वीज आणि ६० लाख टनांहून अधिक वायू असा हिशेब होतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार आहे. भागाकार केला की माणशी चार टनांच्या आसपास उत्तर येते. केवळ या एका धुराड्यामुळे रत्नागिरीचा माणूस देशाच्या सरासरीच्या दुप्पट धूर सोडणारा ठरतो! प्रत्यक्षात त्या विजेचा फार मोठा भाग जिल्ह्याबाहेर जातो. मोठ्या कारखान्यांत आणि महानगरांत ती वापरली जाते. चीनचे जे जगाच्या हिशेबात होते, तेच राज्याच्या हिशेबात रत्नागिरीचे होते.

याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे, एन्रॉनने उभारलेला प्रकल्प आहे. त्याचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला आणि महागड्या विजेच्या वादात २००१ साली बंद पडला. २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले. वायूवर चालणाऱ्या अशा केंद्रातून युनिटमागे कोळशाच्या निम्म्याहूनही कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. परंतु वायूची टंचाई आणि त्याचा दर यांमुळे ते पूर्ण क्षमतेने सातत्याने चालू शकलेले नाही. एकाच जिल्ह्यात कमी धुराचे केंद्र रखडते आणि अधिक धुराचे चालते. कोणते इंधन जळावे याचा निर्णय बाजारभाव करतो, हवेचा किंवा समुद्राचा विचार करून तो होत नाही, हेच यावरून दिसते.

धुराचे स्थलांतर म्हणजे काय, हेही या शहराने पाहिले आहे. स्टरलाइट कंपनीच्या तांबे गाळण्याच्या प्रकल्पाला रत्नागिरीच्या जनतेने प्रखर विरोध केला आणि १९९३ साली त्याचे बांधकाम थांबले. तेथील मुख्य भीती गंधकयुक्त वायूंची होती, हरितगृह वायूंची नव्हे. परंतु पुढे जे घडले ते याच विषयाशी संबंधित आहे. प्रकल्प तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. मे २०१८ मध्ये तेथील आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात १३ जणांचा बळी गेला आणि कारखाना बंद करण्यात आला. रत्नागिरीचा विजय खरा होता. पण येथे नको असलेले ओझे दुसऱ्या किनाऱ्यावरील तशाच मच्छीमारांच्या डोक्यावर गेले. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचेही असेच चालले आहे. नाणारची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्त लागला. ‘येथे नको’ ही मागणी न्याय्य असली तरी अपुरी आहे. ‘हा प्रकल्प कोणाच्या गरजेसाठी, आणि त्याचा धूर कोणाच्या खात्यावर’ हा प्रश्न तिला जोडला गेला पाहिजे.

या हिशेबाची वसुली मात्र आताच सुरू झाली आहे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते आले आणि त्याच जुलैमध्ये चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. एखादे विशिष्ट संकट केवळ तापमानवाढीनेच आले, असे शास्त्र सांगत नाही. परंतु अरबी समुद्र तापत आहे आणि त्यावरील तीव्र वादळे वाढत आहेत, हे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. ज्यांचा धूर सर्वांत कमी, त्यांची कौले आधी उडाली.

मग मागावयाचे काय? पहिली गोष्ट, हिशेब लोकांच्या हाती आला पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातील वीजकेंद्रांच्या कार्बन उत्सर्जनाची केंद्रवार माहिती प्रसिद्ध करते, पण ती इंग्रजी तक्त्यांत पडून असते. प्रत्येक मोठ्या कारखान्याचा वार्षिक हिशेब मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. दुसरी गोष्ट, धुराचा कर ज्यांनी झळ सोसली त्यांच्याकडे परत यावा. २०१० साली केंद्र सरकारने स्वच्छ ऊर्जेसाठी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. २०१७ नंतर ही रक्कम वस्तू व सेवा कराच्या नुकसानभरपाईकडे वळविण्यात आली. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने गोळा झालेला पैसा कोळसा उतरविणाऱ्या बंदराशेजारच्या कोळीवाड्यापर्यंत पोहोचला नाही. तिसरी गोष्ट, भट्टी बदलताना कामगाराला रस्त्यावर काढले जाऊ नये. गिरणगावातील धुराड्यांखाली रत्नागिरीच्या कितीतरी पिढ्या खपल्या. १९८२ च्या संपानंतर धुराडी विझली, जमिनी सोन्याच्या भावाने विकल्या गेल्या आणि कामगार हात हलवीत गावी परतला. ती चूक पुन्हा होता कामा नये. चौथी गोष्ट, आंतरराष्ट्रीय परिषदांत भारताने दरडोई न्यायाची मागणी अधिक जोराने करावी. तिला बळ तेव्हाच येईल, जेव्हा हीच मोजपट्टी देशातील धनिकांच्या चैनीलाही लावली जाईल.

भारताने २०७० पर्यंत उत्सर्जन आणि शोषण यांचा मेळ घालून निव्वळ शून्यावर येण्याचे वचन २०२१ साली ग्लासगो येथे दिले आहे. ते वचन पाळले जाईलही. परंतु ते कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन पाळले जाणार, हे आज ठरत आहे. दादाभाईंनी देशाच्या उत्पन्नाला माणसांनी भागले, तेव्हा राज्यकर्त्यांना ते गणित रुचले नव्हते. धुराला माणसांनी भागण्याचे गणितही दिल्लीत, मुंबईत आणि ब्रुसेल्समध्ये सारख्याच नाखुशीने ऐकले जाईल. म्हणूनच ते जयगडच्या कोळीवाड्यात, राजापूरच्या सड्यावर आणि लोट्याच्या कारखान्यांच्या दारात आधी शिकविले गेले पाहिजे.